सरासरीच्या रकान्यातील आडवी रेघ

वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात सांख्यिकी हा विषय आला, तेव्हा इतर प्रकरणांची धास्ती वाटली तरी 'सरासरी' या प्रकरणाची मला मुळीच वाटली नाही. सर्व संख्यांची बेरीज करावी, त्या जितक्या असतील तितक्यांनी भागावे, की झाले! शिवाय मी आपल्या महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाचा गुणलेखक. खेळाडू म्हणून माझी मजल राखीव खेळाडूच्या पुढे कधी गेली नाही, पण वहीत आडव्याउभ्या रेघा मारून धावांचा हिशेब ठेवण्यात मी तरबेज आहे. गेल्या हंगामाच्या मध्यावर संघनिवडीसाठी सर्वांच्या सरासरीचा एक तक्ता करून देण्यास मला सांगण्यात आले. मी तो रात्री जागून, लाल-निळ्या शाईत, सुरेख तयार केला.

त्या तक्त्यात शेवटच्या ओळीवर माझा एक मित्र होता. गावोगावच्या सामन्यांत चेंडू झाडांच्या पलीकडे भिरकावण्याबद्दल त्याची ख्याती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याला दोन डाव मिळाले. पहिल्यात शून्य, दुसऱ्यात चार. माझ्या तक्त्यात त्याच्या नावापुढे २.०० असा आकडा पडला. पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचे नाव नव्हते. त्यानंतर तो सरावाला यायचाच बंद झाला. आकडा बरोबर होता. चार भागिले दोन बरोबर दोन, यात माझी काही चूक नव्हती. तरीही तो तक्ता मला अनेक दिवस खुपत राहिला, आणि त्या खुपण्यातूनच हा लेख लिहावयाचे मनात आले.

आपल्याकडे फारसा न खेळल्या जाणाऱ्या एका खेळातून सुरुवात करतो. अमेरिकेत बेसबॉलच्या दोन पायऱ्या आहेत. वरची पायरी म्हणजे मोठ्या शहरांच्या मोजक्या संघांची. खालची पायरी लहान गावांच्या असंख्य संघांची. खालच्या पायरीवर चेंडू मैदानाबाहेर फेकणारे एकाहून एक बलदंड फलंदाज होऊन गेले. न्यू मेक्सिको राज्यातील रॉसवेल गावाच्या संघातून खेळणाऱ्या जो बॉमन याने १९५४ च्या एका हंगामात चेंडू ७२ वेळा मैदानाबाहेर टोलावला. वरच्या पायरीवर हा आकडा ओलांडायला २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बॅरी बाँड्सने ७३ वेळा तो पराक्रम केला. पण बॉमन स्वतः वरच्या पायरीवर एकही सामना खेळला नाही. काही जणांना तेथे एखादा महिना मिळाला, काहींना एखादाच दिवस. त्यांच्याबद्दल तेथील लोक दोन प्रकारे बोलतात: एक म्हणतात, 'खालच्या गोलंदाजीवर कोणीही मारील', दुसरे म्हणतात, 'बिचाऱ्याला संधीच मिळाली नाही'. आपल्याकडे रणजी करंडक आणि कसोटी क्रिकेट यांच्यात नेमके हेच नाते आहे, आणि हे दोन्ही उद्गार आपणही चहाच्या टपरीवर रोज ऐकतो.

याचा सर्वांत मोठा धडा मला इंदूरला मिळाला. तेथे माझी मावशी राहते. सुट्टीत तिच्याकडे गेलो असता एका संध्याकाळी काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, मला यशवंत क्लबाच्या बाजूला फिरावयास नेले आणि म्हणाले, "हिशेबवाले ना तुम्ही? मग इथल्या लोकांचा हिशेब एकदा मांडून बघा." इंदूरचे मराठी लोक होळकरांच्या राज्याबद्दल बोलताना अजूनही जरा ताठ बसतात, आणि होळकरांच्या क्रिकेट संघाबद्दल बोलताना त्याहूनही ताठ बसतात. त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात खेळला, आणि चार वेळा, म्हणजे १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ या हंगामांत, विजेता ठरला. मधल्या काळात संस्थान विलीन झाले, तरी संघ होळकरांच्याच नावाने खेळत होता. कर्नल सी. के. नायडू या संघाचे नायक. त्यांच्या हाताखाली मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे, कमल भांडारकर, भाऊसाहेब निंबाळकर, आणि पुढे खंडू रांगणेकर. महायुद्धाच्या काळात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा होळकरांकडून खेळला. १९४५ च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने नाबाद २४९ धावा काढल्या, आणि तरीही होळकर हरले!

आपल्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना यातील एक सामना कदाचित आवडणार नाही, पण तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरचा संघ इंदूरला आला. होळकरांनी एका डावात ८ बाद ९१२ धावा करून डाव घोषित केला. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंग १००. एकाच डावात सहा शतके. असा प्रकार जगात त्यापूर्वी कधी घडला नव्हता. ही सहा शतके मिळूनच ७८० धावा होतात. कन्नड विभागातील माझ्या एका मित्राला हा धावफलक दाखविला, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आमच्या क्षेत्ररक्षकांचे पाय कोणी मोजले का?" त्याचा हा प्रश्न विनोदाचा असला तरी मुद्द्याचा आहे. आकडा एका बाजूचा पराक्रम सांगतो. दुसरी बाजू कशी होती, खेळपट्टी कशी होती, हे तो सांगत नाही.

आता या सहा जणांपैकी एकाकडे वळू. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर हे मूळचे कोल्हापूरचे. जन्म १२ डिसेंबर १९१९. बडोदे, महाराष्ट्र, होळकर, रेल्वे अशा अनेक संघांतून ते खेळले. फलंदाज तर होतेच, पण प्रसंगी मध्यमगती गोलंदाजी करीत आणि यष्टिरक्षणही करीत. १९४८-४९ च्या हंगामात ते महाराष्ट्राकडून खेळत होते आणि पुण्यात काठेवाडशी सामना होता. १६ डिसेंबर १९४८ रोजी तो सुरू झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. त्यानंतर महाराष्ट्राने खेळावयास सुरुवात केली, ती थांबेचना. निंबाळकर आणि भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. (हा भागीचा विक्रम १९९१-९२ पर्यंत टिकला, तो आसामच्या जोडीने मोडला.) भांडारकर २०५ धावांवर गेले, पण निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी एका विश्रांतीच्या वेळी फलकावर ४ बाद ८२६ धावा होत्या, आणि त्यांतील ४४३ निंबाळकरांच्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. ४९४ मिनिटे, ४९ चौकार, एक षटकार. गुणलेखकाच्या सवयीने मी हिशेब केला: चौकार-षटकारांच्या २०२ धावा वजा जाता उरलेल्या २४१ धावा त्यांनी पळून काढल्या. शिवाय जोडीदारांच्या धावांसाठीचे पळणे वेगळेच.

त्या वेळी जगातील प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील सर्वोच्च धावसंख्या होती डॉन ब्रॅडमनची नाबाद ४५२, १९३० साली सिडनीला क्वीन्सलँडविरुद्ध केलेली. निंबाळकरांना ती गाठण्यास नऊ आणि ओलांडण्यास दहा धावा हव्या होत्या. दोन-तीन षटकांचा प्रश्न. पण काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी महाराष्ट्राने डाव घोषित करावा असा आग्रह धरला. महाराष्ट्राच्या बाजूने आणखी थोडी षटके खेळू देण्याची विनंती झाली. ती मान्य न होता काठेवाडच्या संघाने सामनाच सोडून दिला आणि मैदान सोडले. सामना महाराष्ट्राच्या खात्यावर जमा झाला. निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले ते कायमचेच. ब्रॅडमन यांनी पुढे निंबाळकरांना पत्र पाठवून ही खेळी आपल्या खेळीहून सरस असल्याचे कळविले, असे सांगितले जाते. नंतर हनीफ महंमदने ४९९ (१९५९) आणि ब्रायन लाराने नाबाद ५०१ (१९९४) धावा काढून जागतिक विक्रम पार पुढे नेला, पण भारतीय फलंदाजाची सर्वोच्च खेळी आजही हीच आहे.

आणि या फलंदाजाचे कसोटी सामने किती? शून्य. १९४९-५० मध्ये राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी मिळाली, तेवढीच.

येथे सांख्यिकीचा विद्यार्थी म्हणून एका गमतीकडे लक्ष वेधतो. फलंदाजीची सरासरी काढताना आपण धावांना डावांच्या संख्येने भागत नाही, बाद झालेल्या वेळांच्या संख्येने भागतो. अंश म्हणजे धावा, छेद म्हणजे बाद होणे. (अंश आणि छेद हे दोन्ही शब्द कन्नडमध्येही तेच आहेत, हे आपल्यासारख्या दोन्ही भाषांत ये-जा करणाऱ्यांचे एक सुख.) मग त्या पुण्याच्या सामन्यातील निंबाळकरांची सरासरी किती? अंश ४४३, छेद शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणून तक्त्यात त्या जागी आकडा येत नाही. एक आडवी रेघ येते. आणि कसोटीतील त्यांची सरासरी? तेथे अंशही शून्य, छेदही शून्य. तेथेही आडवी रेघच! एकाच माणसाच्या दोन रेघा, दिसायला अगदी सारख्या. एक रेघ म्हणते 'यांना कोणी बाद करू शकले नाही', दुसरी म्हणते 'यांना कोणी बोलावले नाही'.

त्यांच्या एकूण प्रथम श्रेणी कारकिर्दीत मात्र छेद आहे: ८० सामने, ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, शतके १२. कोणी म्हणेल, ही सगळी त्या एका खेळीची करामत. तर तेही करून पाहिले. ४४३ वजा केल्या तर ४३९८ धावा उरतात, छेद १०१ तोच राहतो, आणि सरासरी ४३.५४ येते. म्हणजे ती खेळी काढून घेतली तरी फलंदाज उभाच राहतो.

मग त्यांना का घेतले नाही? त्याच हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. निंबाळकरांची खेळी १८ डिसेंबरला थांबली आणि कलकत्त्याची कसोटी ३१ डिसेंबरला सुरू झाली. मध्ये तेरा दिवस. आजच्या काळात एवढ्यात वर्तमानपत्रांनी निवड समितीला पळता भुई थोडी केली असती. परंतु केवळ अन्याय म्हणून हात झटकणे मला पटत नाही. त्या मालिकेत रुसी मोदींनी ५६० धावा काढल्या, विजय हजारेंनी ५४३. कलकत्त्यालाच मुश्ताक अलींनी शतक झळकाविले. कोणाला काढून कोणाला घ्यावयाचे, हा प्रश्न सोपा नव्हता.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते वाणिज्याच्या विद्यार्थ्याला लवकर समजेल. त्याच हंगामात, त्याच पुण्यात, महाराष्ट्र आणि मुंबई यांचा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. चार डाव मिळून २३७६ धावा, ३८ बळी. एका बळीची किंमत ६२ धावांहून अधिक! आपण अर्थशास्त्रात शिकतो की बाजारात पैसा फार झाला की रुपयाचे मोल उतरते. त्या हंगामात पुण्याच्या बाजारात धावांचे तसेच झाले होते. किंमतींची तुलना करताना आपण निर्देशांक घेतो, कोणत्या सालचा रुपया ते विचारतो. धावांची तुलना करताना मात्र कोणत्या मैदानावरची धाव ते विचारीत नाही. निवड समितीने कदाचित मनातल्या मनात असा काही भागाकार केला असेल. तो केला असेल तर त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पण मग प्रश्न उरतो की हाच भागाकार उलट्या दिशेनेही केला जातो काय?

यासाठी खंडू रांगणेकरांकडे जावे लागते. खंडेराव मोरेश्वर रांगणेकर, जन्म मुंबईचा, १९१७ चा. डावखुरे, आक्रमक फलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षक. महाराष्ट्र, मुंबई आणि होळकर या तिन्ही संघांतून खेळले. प्रथम श्रेणीत ४६०२ धावा, १५ शतके, सरासरी ४१.८३. निंबाळकरांना जे मिळाले नाही ते यांना मिळाले: १९४७-४८ मध्ये लाला अमरनाथांच्या संघातून ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि तीन कसोटी सामने खेळले. सहा डाव, ३३ धावा, सर्वोच्च १८, सरासरी ५.५०. पुन्हा कसोटी संघात कधी नाहीत. थोरल्या मैदानावरची सारी कारकीर्द एका दौऱ्यात सुरू होऊन संपली.

'पाहा, खालच्या पायरीवरचा वाघ!' असे म्हणावयास ही नामी संधी आहे. पण आता निर्देशांक लावू. त्यांची पहिली कसोटी ब्रिस्बेनची, नोव्हेंबर-डिसेंबर १९४७. ऑस्ट्रेलियाने ८ बाद ३८२ करून डाव घोषित केला, ब्रॅडमन १८५. मग पाऊस. त्या काळी खेळपट्टी झाकीत नसत. भिजलेल्या खेळपट्टीवर अर्नी टोशॅकने दोन धावांत पाच बळी घेतले; भारत ५८ सर्वबाद, पुन्हा ९८ सर्वबाद. दोन्ही डावांत मिळून १५६ धावा, म्हणजे दर बळीमागे आठ धावाही नाहीत. पुण्यात बासष्ट, ब्रिस्बेनला आठाहून कमी! रांगणेकरांच्या सहा डावांपैकी दोन डाव या बाजारातले. ५.५० हा आकडा पुण्याच्या भावाने वाचला तर हास्यास्पद, ब्रिस्बेनच्या भावाने वाचला तर सर्वसाधारण.

अर्थात सगळ्याच खेळपट्ट्या तशा नव्हत्या. ॲडिलेडला हजारेंनी दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५, लिंडवॉल-मिलर यांच्यासमोर. तेव्हा रांगणेकरांच्या अपयशाला केवळ पाऊसच कारणीभूत होता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. वेगवान, उसळत्या माऱ्याची सवय आपल्याकडच्या संथ खेळपट्ट्यांवर होत नसे, हे खरेच आहे. मात्र त्याच दौऱ्यातील दुसरे उदाहरण पाहा. कर्णधार अमरनाथ यांनी कसोटीखेरीजच्या सामन्यांत धावांचा पाऊस पाडला, व्हिक्टोरियाविरुद्ध नाबाद २२८ केल्या, आणि कसोटीत? दहा डावांत १४० धावा, सरासरी १४. अमरनाथ कर्णधार होते, त्यांचे कर्तृत्व आधीच सिद्ध झालेले होते. म्हणून १४ ची सरासरी घेऊनही ते पुढच्या मालिकेत नाणेफेकीला गेले. रांगणेकरांजवळ ती शिल्लक नव्हती. पेढीत ज्याचे जुने खाते आहे त्याला उचल मिळते, नव्या गिऱ्हाईकाला जामीन विचारतात. तसाच हा व्यवहार.

ब्रॅडमनचेही एक उदाहरण आठवते. १९२८ साली ब्रिस्बेनला त्याने पहिली कसोटी खेळली. १८ आणि १. सरासरी ९.५०. दुसऱ्या कसोटीतून त्याला वगळण्यात आले! तिसऱ्या कसोटीत परत घेतले, आणि तेथे ७९ आणि ११२ धावा काढून त्याने पुढील वीस वर्षांची सुरुवात केली. ते परत बोलावणे आले नसते तर ९.५० हा आकडाही बरोबरच ठरला असता, कोणत्याही हिशेबतपासनिसाने त्यावर सही केली असती.

होळकर संघातील आणखी दोघांचा उल्लेख केल्याशिवाय काका मला पुन्हा घरात घेणार नाहीत. चंदू सरवटे इंदूरचेच झाले. प्रथम श्रेणीत ७४३० धावा आणि ४९४ बळी, म्हणजे दोन्ही हातांनी कमाई. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात सरेविरुद्ध ते आणि शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागी केली, दोघांचीही शतके. कसोटीत नऊ सामने, २०८ धावा, बळी तीन. दुसरे हिरालाल गायकवाड, डावखुरे गोलंदाज, प्रथम श्रेणीत पावणेचारशे बळी. कसोटी एकच, ऑक्टोबर १९५२ मधील लखनौची, पाकिस्तानविरुद्ध. फझल महमूदने त्या सामन्यात बारा बळी घेतले, भारत डावाने हरला, हिरालाल यांना बळी मिळाला नाही. गोलंदाजाची सरासरी म्हणजे दिलेल्या धावा भागिले मिळालेले बळी. छेद शून्य. म्हणून त्यांच्या कसोटी सरासरीच्या रकान्यातही तीच आडवी रेघ, पुण्यात नाबाद राहिलेल्या निंबाळकरांच्या नावापुढे असते तशीच!

शेवटी छेदाचाच एक मोठा हिशेब. 'अमक्याने इतकेच सामने खेळले' असे म्हणताना देशाने किती खेळले हे आपण पाहत नाही. सी. के. नायडूंच्या नावावर फक्त सात कसोटी आहेत: १४ डाव, ३५० धावा, सरासरी २५. नव्या पिढीच्या विद्यार्थ्याला वाटावे, इतक्या मोठ्या नावाला एवढेच? पण १९३२ ते १९३६ या काळात भारताने कसोटी खेळल्याच सात, आणि नायडू सातही खेळले. शंभर टक्के! त्यानंतर दहा वर्षे भारत एकही कसोटी खेळला नाही. महायुद्धाने ती गिळली. १९४६ च्या तीन धरून पंधरा वर्षांत दहा कसोटी. तुलनेसाठी, २०२४ या एकाच वर्षात भारत पंधरा खेळला. निंबाळकर १९३६ मध्ये सोळा वर्षांचे होते आणि १९४६ मध्ये सव्वीस. ज्या वयात फलंदाजाची नजर सर्वांत तीक्ष्ण असते, त्या वयात त्यांच्यासाठी दारच नव्हते. मग ते ठोठावणार कशावर? अशा काळात एखाद्याच्या नावापुढे शून्य कसोटी हे त्याच्या गुणांचे मोजमाप किती आणि त्या दाराचे किती, हे वेगळे काढण्यास मला तरी सांख्यिकीच्या पुस्तकात सूत्र सापडले नाही.

निंबाळकरांना २००२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने जीवनगौरव पुरस्कार दिला, तो सी. के. नायडूंच्याच नावाचा आहे. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना त्र्याण्णव वर्षे पूर्ण व्हावयाची होती. कोल्हापूर आपल्यापासून किती दूर, आपल्यापैकी कितीतरी जण सणावारी तेथे जातात. तरीही इंदूरला जाऊन एका गृहस्थाने सांगेपर्यंत मला ते नाव ठाऊक नव्हते.

इंदूरहून परतल्यावर मी गुणलेखनाची वही पुन्हा उघडली. माझ्या मित्राचे ते दोन्ही डाव तपासले. पहिला डाव: तो आठव्या क्रमांकावर गेला होता, शेवटची दोन षटके उरली होती, आणि पहिल्याच चेंडूवर उंच फटका मारून झेल देऊन आला. त्याला तेच करण्यास सांगितले होते. दुसरा डाव: सकाळी दव पडलेल्या खेळपट्टीवर आमचा सारा संघ ४१ धावांत बाद झाला, त्यांत त्याच्या चार. हे सर्व माझ्याच हस्ताक्षरात, माझ्याच वहीत लिहिलेले होते. तक्ता करताना मी ते पान पाहिले होते, पण त्यातील दोनच आकडे उचलले होते.

नवा तक्ता केला आहे. त्यात सरासरीच्या आधी तीन रकाने वाढविले आहेत: एकूण डाव किती, फलंदाजीचा क्रमांक कितवा, आणि त्या डावात संघाच्या दर बळीमागे धावा किती. पाच डावांहून कमी खेळलेल्यांच्या सरासरीच्या जागी मी आकडा लिहिलेला नाही, आडवी रेघ मारली आहे. तक्ता देताना त्या रेघेचा अर्थ मला विचारला गेला. मी म्हणालो, "अजून ठाऊक नाही, असा." मित्राला तक्त्याची नक्कल नेऊन दाखविली. त्याने ती बराच वेळ न्याहाळली, घडी करून खिशात ठेवली, आणि सराव कितीला असतो ते विचारले.